भिंतीआडची शिकवणी

"टेक इन," हे म्हणाले.

"घ्या की मग. आ करा," मी म्हटलं आणि पेजेचा चमचा ओठांना लावला. अर्धी पेज आत गेली, अर्धी हनुवटीवरून टॉवेलवर आली.

"टेक आउट."

"बाहेर काही काढायचं नाही. गिळा."

"टेक ऑफ."

"काढते टॉवेल, पण वाटी संपल्यावर."

शेखर, आमचा मुलगा, समोरच्या खुर्चीत बसून हे बघत होता. दुपारच्या गाडीने पुण्याहून आला होता आणि अजून अंगावरचे कपडेही बदलले नव्हते. शेवटी त्याला राहवेना.

"आई, तू त्यांना उत्तरं कशाला देतेस? अप्पा तुझ्याशी बोलत नाहीयेत."

"मग कुणाशी बोलतायत? तुझ्याशी?"

"कुणाशीच नाही. सोलापूरच्या मॅडमनी सांगितलंय ना तुला? टेप आहे ती. लागली की वाजते."

"वाजू दे. घरात तेवढाच आवाज," मी म्हटलं, आणि पुढचा चमचा भरला.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण बार्शीत तुम्ही त्या वेळच्या कुणालाही विचारा, शेटे सरांचं 'टेक' ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शाळेच्या आधी सकाळी सातला आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहाला आमच्या बाहेरच्या खोलीत शिकवणी. सतरंजीवर पोरंपोरी दाटीवाटीने बसायची, दाराबाहेर चपलांचा ढीग. मध्ये एक भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे मी, माझा स्टो आणि माझ्या भाकऱ्या. मी सातवी पास. इंग्रजीतली माझी मजल एबीसीडीपर्यंत, तीही क्यूपाशी अडखळायची. पण ते 'टेक' मात्र माझ्या डोक्यात असं घट्ट बसलं, की झोपेत उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

टेक म्हणजे घेणे. एवढंच असतं तर बरं होतं. पण त्याच्यामागे एकेक शेपूट लागायचं आणि तो शब्द लगेच रंग बदलायचा. विमान उडालं तरी टेक, चप्पल काढली तरी टेक, कुणी कुणाला फसवलं तरी टेक, मुलगी आईच्या वळणावर गेली तरी टेकच. एकदा करंजकरांची नलू रडकुंडीला आली. "सर, एका शब्दाचे इतके अर्थ? ह्या इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ पडला होता का हो?"

"तुझ्याकडे 'लागणे' आहे की," हे म्हणाले. "भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, आणि मी तुझ्या काकांचा कोण लागतो तेही तूच सांगतेस. त्यासाठी रडलीस कधी?"

पोरं खो खो हसली. मी आत पोळपाटावर हात ठेवून हसले. हा माणूस बाहेर किती छान बोलतो, असंही वाटलं, आणि जरा रागही आला. कारण घरात हे म्हणजे मौनीबाबा. भाजी कशी झाली, मान हलवायची. साडी कशी दिसते, मान हलवायची. आता ती मान वर-खाली हलली की आडवी, ते मीच ओळखायचं. सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याशी जितके शब्द बोलायचे, त्याहून जास्त तर आमच्याकडे भाजीवाला बोलायचा.

बोलायचं ते सगळं भिंतीपलीकडे. आणि तेही माझ्याबद्दल! प्रत्येक शेपटाला एक मराठी वाक्य जोडून द्यायची त्यांची पद्धत होती. आधी इंग्रजी, मग मराठी अर्थ, मग वाक्य, आणि मग सगळ्या पोरांनी एका सुरात ते वाक्य म्हणायचं. वाक्य कुठून आणणार? समोर दिसेल ते आणणार. त्यांना मी दिसायचे.

"टेक ओव्हर. ताबा घेणे. लग्नानंतर बायकोने घराचा ताबा घेतला."

"लग्नानंतर बायकोने घराचा ताबा घेतला!" पोरं ओरडायची.

"टेक अवे. काढून घेणे. बायकोने माझी सुपारी काढून घेतली."

"टेक टू. एखादी गोष्ट आवडू लागणे. मला तिच्या हातची शेंगाचटणी पहिल्याच दिवसापासून आवडू लागली."

हे त्यांनी मला कधी तोंडावर सांगितलं असेल तर शपथ. मला कळलं ते असं, वीस-पंचवीस पोरांच्या तोंडून, हातात पिठाचा गोळा असताना. मी सुरुवातीला खूप चिडले. बाजारात गेले की पोरी माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. सगळ्या तालुक्याला माझ्या घरातलं इंग्रजीसकट पाठ! एकदा मी म्हटलंसुद्धा, "अहो, दुसऱ्या कुणाची बायको घ्या की वाक्यात."

ह्यांनी मान हलवली. आडवी.

आणि शेवटचं शेपूट होतं 'टेक बॅक'. त्याची वेगळीच गोष्ट.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमटीत मीठ जास्त पडलं. ह्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "माहेरी मीठ फुकट मिळत होतं वाटतं." झालं. मी तोंड शिवून घेतलं. तो दिवस तसाच गेला. रात्री हे भिंतीकडे तोंड करून झोपले, मी दुसऱ्या भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी भरली. मी आत चहा ठेवला होता. ह्यांनी नेहमीचं सगळं घेतलं आणि शेवटी जरा घसा खाकरला.

"टेक बॅक. परत घेणे. काल मी जे बोललो ते मी परत घेतो."

"काल मी जे बोललो ते मी परत घेतो!" सगळी खोली दणाणली.

मी पातेल्याकडे बघत उभी. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. नवरा माफी मागतोय आणि त्याच्याबरोबर गावातली पंचवीस पोरं! आता ह्याला उत्तर काय द्यायचं? भिंतीतून बोलायची मला सवय नव्हती. मी सांडशी उचलली आणि पातेल्याच्या काठावर ठण ठण वाजवली. बाहेर हे म्हणाले, "चला, आजचा तास संपला. चहा झालेला दिसतोय." त्या चहात मी आलं ठेचून घातलं. ह्यांना आल्याचा चहा म्हणजे जीव की प्राण.

मग तो रिवाजच पडला. भांडण झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'टेक बॅक' यायचं. माझा राग गेला असेल तर सांडशी वाजायची आणि चहात आलं पडायचं. गेला नसेल तर आतून काही आवाज नाही, आणि चहा साधा. मग संध्याकाळच्या शिकवणीला परत 'टेक बॅक'. पोरं वैतागायची. "सर, हे सकाळी झालंय."

"परत एकदा. पक्कं होतं."

मला वाटतं मोठी पोरं ओळखून होती. आठवड्यात 'टेक बॅक' किती वेळा झालं, त्यावरून शेटे सरांच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळत असणार. आमचा शेखर शेवटच्या ओळीत बसायचा, गिरिजा पहिल्या. त्यांनाही कळत असेल. पण त्यावर कुणी काही बोललं नाही कधी.

माझ्याकडून 'टेक बॅक' कधी गेलं नाही. परत घेण्यासारखं मी काही बोलतच नसे, असं माझं ठाम मत होतं.

तर हे निवृत्त झाले, शिकवण्या बंद झाल्या, गिरिजा लग्न होऊन बेळगावला गेली, शेखर पुण्याला. आणि एका सकाळी दाढी करताना ह्यांचा ब्रश हातातून पडला. पॅरालिसिसचा झटका. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पाणी म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. तोंड हलायचं, घामाघूम व्हायचे, आणि बाहेर यायचा तो नुसता श्वास. इतकं शिकवणारा माणूस, त्याची ती तडफड बघवत नसे.

दवाखान्यातून घरी आणलं, शिकवणीच्याच खोलीत कॉट टाकली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मी दिवा लावला तर कॉटवरून खणखणीत आवाज आला. "टेक इन. टेक आउट. टेक ऑफ." मी देव्हाऱ्यासमोर तशीच खाली बसले. हे बरे झाले असंच मला वाटलं. शेजारपाजाऱ्यांना बोलावून आणलं.

बरे कुठले! तेवढंच यायचं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, ओळीने सगळी शेपटं, टेक बॅकपर्यंत. मराठी वाक्यं गेली, अर्थ गेले, इंग्रजी तेवढं उरलं. सोलापूरला ज्या मॅडम बोलायला शिकवतात त्यांच्याकडे नेलं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "आजी, पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं. आकडे, प्रार्थना, शिव्यासुद्धा. ते आपोआप येतं. त्याला बोलणं म्हणू नका."

"पण आपण बोलतो ते त्यांना कळतं का?"

"नक्की सांगता येत नाही. थोडं कळत असेल, नसेलही."

असेल, नसेलही. ह्या दोन शब्दांवर मी पुढचे सगळे महिने काढले. अंघोळ, कपडे, कूस बदलणं, भरवणं, रात्री उठून अंथरूण बघणं. मी उत्तरं देत राहिले, कारण घरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं. टेक बॅक म्हणून झालं की हे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे. मला वाटायचं, भूक लागली. मी खायला घेऊन जायचे तर तोंड मिटून घ्यायचे. मग माझी चिडचिड.

आणि त्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला. ह्यांना धरलेलं, तशीच खाली आले, हे माझ्या अंगावर. शेजारच्या तांबोळीबाईंनी येऊन उचललं तोवर दोघंही ओल्या फरशीवर पडून होतो. त्यांनीच शेखरला फोन केला, आणि म्हणून तो आला होता.

वाटी संपली. मी ह्यांचं तोंड पुसलं, उशी नीट केली आणि आत आले. कंबरेतून कळ निघत होती. शेखर मागोमाग आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, पुण्यात मी एक केंद्र बघून आलोय. अशाच पेशंटसाठी आहे. चोवीस तास नर्स, व्यायाम करून घेणारे लोक, स्वच्छ आहे सगळं. तू माझ्याकडे राहायचं. रोज संध्याकाळी तुला तिथे घेऊन जाईन."

"आणि हे तिथे एकटे?"

"एकटे कसे? माणसं आहेत. आई, खरं सांगू? आपण कुठे आहोत हे अप्पांना कळत असतं तर मी हा विषयच काढला नसता. त्यांना बार्शी काय आणि पुणं काय. तुला मात्र फरक पडतो. तुझा हात बघ जरा."

मी हात पाहिला. कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा. भाकरी थापताना दुखायचा म्हणून मी आठवडाभर भातच करत होते.

"मी नाही म्हणाले तर?"

"तर मी काय करणार? पण परत पडलीस तर कोण उचलेल तुम्हाला? तांबोळीकाकूंनाच किती त्रास द्यायचा? केंद्रातले लोक सकाळी अँब्युलन्स पाठवतो म्हणालेत. आई, तू दमलीयेस. दमलीयेस एवढं म्हण तरी."

आणि माझा बांध फुटला. कसा फुटला ते मला आजही सांगता येणार नाही. इतके महिने दात-ओठ खाऊन काढलेले, कुणी विचारलं नव्हतं, आणि पोटच्या पोराने विचारलं.

"दमले! दमले रे मी!" मी ओरडले. "माणूस असता तर केलंच असतं, आयुष्यभर केलंय. पण हे काय आहे? ना हूं ना चूं. नुसतं उचला आणि ठेवा, उचला आणि ठेवा. माझी हाडं खिळखिळी झाली. घेऊन जा. घेऊन जा एकदाचं हे लाकूड माझ्या घरातून!"

शेखरने मला जवळ घेतलं. मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडले. भिंतीपलीकडे हे होते, ते माझ्या लक्षातच आलं नाही. आलं असतं तरी मी म्हटलं असतं, त्यांना काय कळतंय?

रात्री ह्यांना दूध द्यायला गेले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोप लागली. दूध झाकून ठेवलं.

सकाळी लवकर उठून मी बॅग भरली. धोतरं, बंड्या, चष्मा, औषधं. ह्यांचं अंग पुसलं, इस्त्रीचा सदरा घातला, कपाळाला भस्म लावलं. हे माझ्याकडे बघेनात. आणि मग सात वाजले. पलीकडच्या प्राथमिक शाळेची घंटा झाली.

मी थांबले. एक हात सदऱ्याच्या गुंडीवर तसाच.

काही नाही.

"अहो, सात वाजले," मी म्हटलं.

काही नाही. पाऊस असो, ताप असो, इतक्या दिवसांत एक वेळही चुकली नव्हती. मी वाकून म्हटलं, "टेक इन?" ह्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"शेखर, हे बोलत नाहीयेत."

"बरं झालं. शांत आहेत. प्रवासाला बरं."

"अरे, तसं नाही. रुसलेत."

"आई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला धरून आपटावंसं वाटलं, "खिडकीतून ऊन येतंय डोळ्यांवर, म्हणून मान फिरवली असेल. तू आता मनाला काहीतरी लावून घेऊ नकोस. रात्री आपलं ठरलंय."

मी खिडकी लावली. मान फिरली नाही. पण शेखरला ते दाखवून काय उपयोग होता? मलाही खात्री नव्हती. त्या पाठीकडे मी बघत राहिले. मिठाच्या भांडणातली पाठ हीच, की ज्याला काहीच कळत नाही अशा एका आजारी म्हाताऱ्याची? ऐकलं असेल ह्यांनी तर ह्या माणसाला लाकूड म्हणून मी घराबाहेर काढत होते, आणि त्याला ते कळत होतं. नसेल ऐकलं, तर शेखरचं सगळं बरोबर होतं.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. अँब्युलन्सवाला ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबर एक धट्टाकट्टा माणूस स्ट्रेचर घेऊन आत आले. चपला बाहेर काढून आले, ते मला बरं वाटलं.

"मावशी, घाई नाही," ड्रायव्हर म्हणाला. "पहाटेपासून गाडीवर आहे. घोटभर चहा मिळाला तर बघा, मग निघू."

"देते की."

मी आत आले. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, साखर घातली. बाहेर शेखर त्या माणसाला सांगत होता, उजवीकडून धरा, हा हात उचलत नाही. स्ट्रेचरची चाकं फरशीवर करकरली. पाण्याला बुडबुडे यायला लागले. ही भिंत, हा ओटा, ही मी. सगळं जिथल्या तिथे. फक्त आज पलीकडून कुणी काही म्हणणार नव्हतं. म्हणायचं असेल तर मलाच म्हणावं लागणार होतं.

आणि मला ते जमेना. खोटं कशाला सांगू? परत घेण्याची सवय नव्हती ना. शिवाय रात्री मी जे बोलले त्यातलं दमणं तर खरंच होतं. पण लाकूड? ते खरं नव्हतं.

मी पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून, जेवढा आवाज होता तेवढा लावून म्हटलं, "टेक बॅक!"

बाहेरचं बोलणं थांबलं.

"आई?" शेखरचा आवाज. "काय म्हणालीस?"

"तुला नाही म्हणाले. गप्प बस." आणि परत म्हटलं, "टेक बॅक. परत घेणे." आवाज फाटला, तरी तशीच रेटत गेले. "काल मी जे बोलले ते मी परत घेते."

स्टोचा आवाज तेवढा चालू होता. चहा वर येत होता आणि मी नुसती बघत उभी होते. ड्रायव्हरला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

मग शेखर बोलला. मुद्दाम नाही बोलला, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. लहानपणी शेवटच्या ओळीत मांडी घालून इतकी वर्षं जे म्हटलं होतं, ते त्याच्या तोंडून आपसूक निघालं, त्याच सुरात.

"काल मी जे बोललो ते मी परत घेतो."

चहा उतू गेला. मी सांडशीने पातेलं खाली उतरवलं. कान सगळे बाहेर.

ठण.

मी हातातली सांडशी बघितली. ती माझ्याच हातात होती, हललीही नव्हती.

ठण ठण.

माझ्या पातेल्याचा नाही, स्टीलचा आवाज. लोखंडावर स्टीलचा. ह्यांच्या उशाशी स्टुलावर पाण्याचं फुलपात्र असायचं. उजवा हात तर कामातून गेला होता. डाव्या हाताने उचललं असणार, आणि कॉटच्या लोखंडी कठड्यावर मारलं असणार. पाणी सगळं अंथरुणावर सांडलेलं, ते मी नंतर पाहिलं.

मी खाली बसले नाही. रडलेही नाही लगेच. भिंतीला हात टेकून उभी राहिले. इतके महिने हे संध्याकाळी सगळं म्हणून झाल्यावर दाराकडे बघत बसायचे, ते खाण्यासाठी नव्हतं. सांडशी वाजायची वाट बघायचे हे, आणि मी मूर्खासारखी वाटी घेऊन जात होते.

शेखर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. मोठा साहेब आहे तो पुण्यात, पण त्या घडीला अगदी चौथीतला दिसत होता.

"आई, अप्पांनी..."

"ऐकलं मी."

"आई, म्हणजे काल रात्रीचं त्यांनी..."

"ऐकलं त्यांनी. सगळं ऐकलं. आजवरचंही सगळं ऐकलं असेल." मी पदराने तोंड पुसलं. "आता मी काय सांगते ते ऐक. शब्द परत घेतले, कंबर नाही परत आली माझी. सकाळ-संध्याकाळ उचलायला एक गडीमाणूस लावून दे इथल्या दवाखान्यातला. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवून दे. आणि महिन्यातून एकदा तू ये, एकदा गिरिजाने यायचं. मी परत पडले तर आपण परत बोलू. पण आज नाही."

त्याने मान हलवली. वर-खाली हलली, ते मी नीट बघून घेतलं.

मागून ड्रायव्हरने डोकं आत घातलं. "मावशी, पेशंटला घ्यायचं ना? ते काहीतरी वाजवतायत सारखं. काय पाहिजे त्यांना?"

"चहा मागतायत," मी म्हटलं. "तुम्हीही बसा, पिऊन जा."

मग परत पातेलं ठेवलं, आणि खलबत्ता पुढे ओढून आलं ठेचायला घेतलं.